चार-एफ आणि भिवापूरचा धुरा

महादेवराव आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात. भूमी अभिलेख खात्यात ते मोजणीदार होते. सदतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची शेतं मोजली, निवृत्त झाले, आणि मग आमची बिल्डिंग मोजायला घेतली. पार्किंगमध्ये खडूच्या रेघा त्यांच्या. दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या स्कूटरचं पुढचं चाक तीन बोटं पुढे येतं, हे सोसायटीला लेखी कळवणारेही तेच. माझी कढीपत्त्याची कुंडी सामायिक जागेत नऊ इंच आली आहे, असं त्यांनी मला जिन्यात सांगितलं. मी राग गिळून घरी गेले, आणि दुपारी कोणी नाही असं बघून पट्टी लावली. कुंडी नऊ इंचच आत होती. मी ती हलवली.

तर हा माणूस मोजण्यात चुकत नाही, हे मी सुरुवातीलाच लिहून ठेवते. पुढे जे झालं ते न मोजता बोलल्यामुळे झालं.

महादेवरावांचं गाव भिवापूर. वडिलांच्या पश्चात शेताचे दोन सारखे भाग झाले. एक यांचा, एक धाकट्या रामाजीचा, आणि दोहोंच्या मध्ये मातीचा बांध. त्याला आमच्याकडे धुरा म्हणतात. धुऱ्याच्या दोन्ही बाजूंची शेती रामाजीच करतो. महादेवरावांनी चाळीस वर्षांत वखराला हात लावलेला नाही. दर वर्षी त्यांच्या वाट्याची तूर आणि मिरची रामाजी स्वतः एसटीने आणून देतो, वहिनीच्या, म्हणजे भागीरथाबाईंच्या, हातचा चहा पितो, आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून लवकर उठतो. तो फाटकाबाहेर पडला की महादेवराव आवारातल्या बाकावर येऊन बसतात आणि जो भेटेल त्याला सांगतात, की हा माणूस धुरा सरकवून राहिला आहे. दर वखरणीला एक हात. भावाच्या जमिनीत.

मी एकदा विचारलं, की दोन्ही शेतं तोच करतो, पीक तोच आणून देतो, मग धुरा सरकवून त्याला मिळतं काय? महादेवरावांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी आमच्या शाळेतल्या सिस्टर पाढा चुकलेल्या मुलीकडे पाहायच्या. म्हणाले, "पीक देते तो, अरुंधतीताई. जमीन कुठं देते?"

हे ते वीस वर्षं म्हणत आहेत. दर वर्षी एक हात धरला, तरी वीस हात होतात. एवढी पट्टी गेली असती तर आंधळ्यालाही दिसली असती. पण हे सांगून उपयोग नसतो. माझे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून बिल्डिंगमधल्या सगळ्यांची समजूत अशी आहे की माझ्याकडे ऐकून घ्यायला वेळ आहे, मत द्यायला नाही.

सरकारी मोजणी का मागवत नाहीत, हाही प्रश्न लोकांनी विचारून झाला होता. त्याची उत्तरं ऋतूप्रमाणे बदलत. नोकरीत होते तेव्हा स्वतःच्या शेताची मोजणी स्वतःच्या खात्याकडून करवून घेणं शोभत नव्हतं. निवृत्त झाल्यावर आपल्याच कचेरीच्या खिडकीशी रांगेत उभं राहणं शोभेना. आणि आताची पोरं यंत्र लावतात, त्यांना डोळा नाही. पुतण्या रोहितने एकदा फोनवर उपग्रहातून काढलेला शेताचा फोटो उघडून दाखवला. त्यात धुरा चांगला सरळ दिसत होता. महादेवरावांनी विचारलं, हा फोटो कोणत्या तारखेचा, काढला कोणी, आणि सही-शिक्का कुठे आहे? रोहितने फोन खिशात टाकला.

माझ्या मते खरं कारण साधं होतं. मोजणी झाली की भांडण संपतं, आणि ते संपलं असतं तर महादेवरावांनी संध्याकाळी बाकावर काय बोलायचं, हा मोठाच प्रश्न होता.

त्यांच्या मुलीला, श्वेताला, हैदराबादला मुलगी झाली. तिने बारशासाठी आईवडिलांना विमानाची तिकिटं पाठवली. दोघांचाही हा पहिला विमानप्रवास. भागीरथाबाई वर येऊन मला हळूच विचारून गेल्या, की विमानात खिडकी कशी मागायची असते? ढग वरून कसे दिसतात ते त्यांना पाहायचं होतं. मी म्हटलं, मीच करून देते, त्यात काय मोठं. जाण्याआधी संगणकावर जागा निवडायची असते, एवढंच.

पण मी एक चूक आधीच करून बसले होते. माझी मुलगी मिनल बंगळूरला असते. तिच्याकडून परत येताना एकदा विमान उतरत असताना मला उजव्या हाताला उमरेडची कोळशाची खाण दिसली होती, आणि मी ते सहज महादेवरावांना सांगितलं होतं. हे वाक्य मला महागात पडलं. उमरेडच्या पुढचं गाव म्हणजे भिवापूर. महादेवरावांना कळलं, की आपला धुरा वरून पाहता येतो.

२१ जानेवारीच्या पानावर माझ्या वहीत एवढंच आहे: "महादेवराव, सायं. सहा ते पावणेनऊ. खिडकी." दुसऱ्या दिवशीही तेच, फक्त सव्वानऊपर्यंत.

ते गावाचा नकाशा घेऊन आले. खात्यातल्या कापडी नकाशाची जुनी नक्कल, घड्यांवर चिकटपट्ट्या मारलेली. सोबत कोनमापक, प्लास्टिकची पट्टी आणि टोक केलेली पेन्सिल. माझ्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी हैदराबाद ते नागपूर अशी रेघ ओढली. टेबलावर जागा संपली तेव्हा हैदराबाद फ्रिजच्या दिशेला धरलं. मग विमानाच्या जागांचा तक्ता पडद्यावर आला, तेव्हा त्यांचे डोळे असे चमकले, की मला भागीरथाबाईंची दया आली. एवढ्या ओळखीने त्यांनी बायकोकडेही पाहिलं नसेल. रांगा, नंबर, प्रत्येक चौकोन वेगळा. हा गावनकाशाच होता.

"हे राखाडी कोनाचे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, त्या जागा आधीच लोकांनी घेतल्या आहेत.

"म्हणजे कब्जा झाला," म्हणून त्यांनी त्या जागा आपल्या वहीत टिपल्या. कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक.

पंखामागची जागा नको, कारण पंख आडवा येतो. पंखाच्या फार मागची नको, कारण इंजिनाच्या गरम हवेने खालचं हलताना दिसतं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. काही जागांच्या शेजारी खिडकी नसून भिंतच असते, हे त्यांना मीच सांगितलं, आणि मग पुढचा एक तास भिंत कोणत्या रांगेला असते हे शोधण्यात गेला. त्यांनी माझ्या पडद्यावर पट्टी लावून विमानाची लांबी मोजली. तो पडदा आहे, प्रमाण दिलेलं नाही, असं मी म्हटलं. ते म्हणाले, प्रमाण काढता येतं.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. परतीचं विमान चार चाळीसला उतरणार होतं. ते म्हणाले, त्या वेळी ऊन मावळतीकडून तिरपं येईल, आपण उजवीकडे बसलो तर ऊन पाठीशी राहील, डोळ्यांवर येणार नाही, आणि धुऱ्याची सावली लांब पडेल. सावली दिसली की धुरा कुठे आहे ते कळतंच. मी सकाळच्या विमानात चार वेळा डोळ्यांवर ऊन घेत बसले आहे, पण हा विचार मला सुचला नव्हता. एवढी अक्कल, आणि ती लावायची कुठे, तर सख्ख्या भावाला चोर ठरवायला.

परतीला चार-एफ ठरलं. जातानाही खिडकी त्यांचीच, डावीकडची. भागीरथाबाई दोन्ही वेळा मधल्या जागेवर. मी म्हटलं, जाताना तरी त्यांना खिडकी द्या, त्यांना ढग बघायचे आहेत. महादेवराव सौम्यपणे म्हणाले, "ढग तं आपल्या गच्चीवरूनही दिसतात, ताई. धुरा दिसत नाही."

भागीरथाबाई दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यायले पाहू द्या जी. मी यांच्या डोळ्यानंच पाह्यत आली सारं." आणि माझ्याकडे बघून डोळे बारीक केले.

जाण्याच्या आदल्या दिवशी महादेवरावांनी रामाजीला फोन केला. तो फोन बाकावर बसून, पार्किंगपर्यंत ऐकू जाईल असा केला होता. त्यांनी त्याला कळवलं, की अठरा फेब्रुवारीला दुपारी आपण विमानातून शेतावरून येणार आहोत आणि धुरा वरून तपासणार आहोत. नोटीस दिल्याशिवाय मोजणी करायची नाही, असा त्यांच्या खात्याचा नियम होता. पलीकडून रामाजी काय म्हणाला, ते कळलं नाही. महादेवराव मात्र दोनदा "ऐकून राहिला का गा?" म्हणाले.

जातानाचा प्रवास फुकट गेला. वारा कुठून होता देव जाणे, विमान उमरेडकडे न उडता उलट्या अंगाला उडालं, आणि महादेवरावांना हिंगण्याच्या कारखान्यांची पत्र्याची छपरं दिसली. हैदराबादहून त्यांनी मला फोन केला तो नातीबद्दल असेल असं मला वाटलं. तो वैमानिकाबद्दल होता. तक्रार कुठे करायची असते, हे त्यांना हवं होतं. नातीचं नाव काय ठेवलं, हे मीच विचारलं. त्यांनी फोन भागीरथाबाईंकडे दिला.

परतीच्या प्रवासाची हकिकत मला भागीरथाबाईंनी सांगितली, ती त्यांच्याच क्रमाने लिहिते.

चार-एफवर एक माणूस आधीच येऊन बसला होता. कंपनीतला असावा, गळ्यात पट्टा, डोकं खिडकीला टेकवून झोपलेला. महादेवरावांनी त्याला उठवलं नाही. आधी त्यांनी चतुःसीमा सांगितली: पुढे तीन-एफ, मागे पाच-एफ, डावीकडे चार-ई, उजवीकडे आकाश, आणि या सगळ्यांच्या मधली चार-एफ आपली. मग पास दाखवला. तो माणूस अर्धवट झोपेत म्हणाला, काका, तिकडे बसा ना, काय फरक पडतो. महादेवरावांनी हवाई सुंदरीला बोलावलं आणि अतिक्रमण हा शब्द वापरला. तिला मराठी येत नव्हतं. आवाज मात्र कळला असावा. तो माणूस उठून कडेच्या जागेवर गेला आणि तिथे पुन्हा झोपला. काय फरक पडतो, हे त्याने सिद्ध करून दाखवलं.

मग तासभर महादेवराव काचेला नाक लावून बसले. भागीरथाबाईंनी दोनदा वाकून बघायचा प्रयत्न केला. "हलू नको वं," ते म्हणाले, "नजर सुटते." म्हणून त्या मागे टेकून बसल्या, आणि त्यांना प्रवासभर काय दिसलं, तर नवऱ्याचं टक्कल. त्यावर मागच्या बाजूला एक तीळ आहे, हे त्यांना लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाल्यावर कळलं.

विमान खाली येऊ लागलं तेव्हा महादेवरावांच्या श्वासाने काच धुरकट झाली. त्यांनी रुमालाने पुसली. पुन्हा धुरकट झाली. श्वास रोखून पाहावं तर किती वेळ रोखणार? खाली शेतंच शेतं. फेब्रुवारी म्हणजे मिरची वाळत घालायचे दिवस. जिकडे बघावं तिकडे लाल चौकोन, हिरवे चौकोन, काळे चौकोन, आणि प्रत्येक दोघांच्या मध्ये एक धुरा. हजार धुरे. भागीरथाबाई म्हणाल्या, "मले विचारसान तं ताई, त्यायले गावही सापडलं नाही. 'थो दिसला, थो दिसला' म्हणे, अन् बोट कुठं, तं तलावात."

तेवढ्यात विमान वळलं, पंखाची बाजू उचलली गेली, आणि खिडकीत नुसतं आकाश आलं. म्हणजे ढग शेवटी महादेवरावांनीच पाहिले.

घरी आल्यावर त्यांनी बॅगा दाराशीच ठेवल्या आणि बाकावर येऊन बसले. धुरा दिसला. स्वच्छ दिसला. सहा हात सरकला आहे, आणि मधोमध आपल्याकडे सापासारखा वाकवला आहे. आमच्या वसंत वॉचमनने विचारलं, एवढ्या उंचावरून सहा हात कसे मोजले? महादेवराव म्हणाले, ज्याला डोळा आहे त्याला मोजावं लागत नाही. सदतीस वर्षं मोजणीची साखळी ओढलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य ऐकून मला खरंच वाईट वाटलं.

रात्रीतून त्यांनी नकाशा काढला. आणि काय नकाशा होता! चायना शाईची रेघ, उत्तर दिशेचा बाण, कोपऱ्यात तारीख, वेळ, "प्रत्यक्ष अवलोकनावरून" असं लिहिलेलं आणि सही. धुरा तांबड्या शाईत, मध्ये वाकलेला. त्यांनी तो माझ्याकडे आणला, कारण पंच म्हणून माझी सही हवी होती.

मी विमानात नव्हते, असं मी म्हटलं.

"सीट तं तुम्हीच निवडली नं."

मी सही केली नाही. ते जरा दुखावले. शिकलेल्या बाईकडून ही अपेक्षा नव्हती, असं भागीरथाबाईंजवळ बोलल्याचं मला कळलं.

येत्या रविवारी भिवापूरला जायचं ठरलं. वर्षाची मिरची मी तिथूनच घेते, म्हणून दर वर्षी फेब्रुवारीत भागीरथाबाईंबरोबर जाते. यंदा गाडीत पुढे महादेवराव, त्यांच्या मांडीवर नकाशाची नळी, आणि डिकीत टेप, दोरी, खुंट्या. नकाशा दाखवायचा, रामाजीकडून कबुली घ्यायची आणि तिथेच खुंट्या ठोकायच्या, असा बेत होता. उमरेडनंतर महादेवराव म्हणाले, "आज सोक्षमोक्ष होते."

मला वाटतं त्या वेळी ते थोडे घाबरले होते. वीस वर्षं एक गोष्ट बोलायची आणि एक दिवस ती जाऊन पाहायची, हे सोपं नसतं.

रामाजी शेताच्या तोंडाशी उभा होता. बारीक माणूस, डोक्याला टॉवेल. त्याची बायको कांता आत झाडाखाली चूल मांडून बसली होती. रामाजी वाकून भावाच्या पाया पडला, वहिनीच्या पडला, मला नमस्कार केला. महादेवरावांनी पाया पडू दिलं, पण हात वर केला नाही. नळीतून नकाशा काढला, गाडीच्या बॉनेटवर पसरला आणि चारी कोपऱ्यांवर खडे ठेवले. मग त्यांनी तोंडी निवेदन केलं. अमुक तारीख, अमुक वेळ, उजवी खिडकी, ऊन पाठीशी. धुरा पूर्वेच्या टोकाला सहा हात सरकलेला, मध्ये वाकवलेला. सावली स्पष्ट.

रामाजीने नकाशा नीट पाहिला. भावाच्या हाताचं त्याला कौतुक होतं, ते चेहऱ्यावर दिसलं. मग त्याने विचारलं, "अठरा तारखेले पाह्यलं नं, भाऊ?"

"अठरा."

"सावली पाह्यली?"

"आता तं सांगितलं."

रामाजीने टॉवेलने तोंड पुसलं. "चाला मंग," तो म्हणाला.

आम्ही आत गेलो. मी गेली कित्येक वर्षं तिथे जाते, मला धुरा ठाऊक होता. गुडघाभर उंच, वर गवत, मधूनमधून तरोट्याची झुडपं. आज तिथे काही नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सपाट काळं शेत, वखरलेलं, आणि पलीकडच्या कडेला वाळत घातलेली लाल मिरची. डावं कुठलं आणि उजवं कुठलं, हे ओळखू येत नव्हतं.

महादेवराव उभे राहिले. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि मग हातातल्या नकाशाकडे पाहिलं.

"चौदा तारखेले पाडून झाला," रामाजी म्हणाला. "तीन दिवस लागले. भाऊ वरून पाहणार म्हणे. मंग मी म्हटलं, पाहणाऱ्याले मधात अडथळा काहून?"

भागीरथाबाईंनी पदर तोंडाला लावला. ते हसू होतं की आणखी काही, ते मी विचारलं नाही. चार दिवस आधी पाडलेल्या धुऱ्याची सावली महादेवरावांनी तांबड्या शाईत काढली होती आणि खाली सही केली होती.

मला वाटलं, आता माणूस खाली बसेल. पण सरकारी नोकरी माणसाला काहीतरी शिकवतेच. महादेवरावांनी नकाशा गुंडाळला, नळीत घातला, झाकण लावलं. म्हणाले, नजरेचं सोडा, नजर चुकू शकते. मोजू.

रामाजी म्हणाला, "मोजा. जिथं तुमी म्हणसान तिथं मी धुरा घालतो. माझं काई म्हणनं नाही."

एवढी मोठी शिक्षा कोणत्याही न्यायाधीशाला सुचली नसती.

शेताच्या चारी कोपऱ्यांचे हद्दीचे दगड शाबूत होते. वाटणी सारखी होती. तेव्हा दोन्ही टोकांना रुंदी मोजायची, निम्मी करायची आणि त्या जागी खुंटी ठोकायची, एवढंच काम. कोणालाही कधीही करता आलं असतं. भागीरथाबाईंनी टेपचं एक टोक दगडाला धरलं, दुसरं महादेवरावांनी. मी झाडाखाली बसून आकडे लिहून घेतले, कारण कागद-पेन्सिल माझ्याकडे असते. टेप हातात आल्यावर तो माणूस वेगळाच झाला. पाठ सरळ, पावलं मोजकी, टेपला कुठे झोळ नाही. त्यांनी पुढच्या टोकाची निम्मी रुंदी काढली, टाच रोवून खूण केली आणि खुंटी लावली.

खुंटी आत जाईना.

आजूबाजूची माती वखरलेली होती, पाय टाकला तर घोटा रुतत होता. त्या एका जागी मात्र वरचा भुसभुशीत थर संपला की खाली दगडासारखं. वर्षानुवर्षं जिथे नांगर गेलेला नव्हता, पाय मात्र पडत होते, अशी जमीन. खुंटीच्या टोकाला गवताची जुनी मुळं अडकून आली. धुरा इथेच होता.

महादेवरावांनी पुन्हा मोजलं. तेच आलं. मग टेप उन्हाने लांबला असेल म्हणून सावलीत ठेवला, थंड झाल्यावर मोजलं. तेच. मग दुसऱ्या टोकाला गेले, नाल्याच्या बाजूला. तिथे मोजून निम्मं काढलं आणि खुंटीला हातोडीचा पहिला ठोका घातला, तो टणक आवाज मला झाडाखाली ऐकू आला. मधल्या जागेवर दोन ठिकाणी पाहिलं. चारही खुंट्या ठोकून शिरवाव्या लागल्या. जिथे सहा हात चोरीला गेले होते, तिथे एक बोटही गेलेलं नव्हतं.

दोन वाजून गेले होते. कांताने झाडाखाली वांग्याची भाजी आणि भाकरी वाढली. रामाजी जेवून घेत होता, भावाकडे पाहत नव्हता. महादेवराव उन्हात शेवटच्या खुंटीजवळ उभे होते. भागीरथाबाईंनी हाक मारली, की मोजून झालं असेल तर या जेवायला, जमीन कुठं पळून जात नाही.

ते आले. हात धुतले. बसायच्या आधी म्हणाले, "रामाजी, एक हात तुह्याकडे घे."

रामाजीने वर पाहिलं.

"माह्याकडचा. मोठा भाऊ म्हणून देऊन राहिलो. धुरा एक हात इकडे घाल."

मी आयुष्यात बरीच दानं पाहिली आहेत. आमच्या शाळेत दर नाताळला दानाची पेटी फिरायची. पण वीस वर्षं ज्या एका हातासाठी सख्ख्या भावाला बाकावर बसून चोर म्हटलं, तोच हात त्याच्या पदरात टाकून मोठं व्हायचं, आणि "माझं चुकलं" हे दोन शब्द तेवढे वाचवायचे, इतका स्वस्त सौदा मी पाहिला नव्हता.

रामाजीने हातातला घास खाल्ला. पाणी प्यायला. मग म्हणाला, "नाही, भाऊ. मले नको."

"घे गा. मी देऊन राहिलो."

"मले नको. होता तिथंच घालतो. तुमी फक्त सांगा, कुठं होता."

महादेवराव ताटाकडे बघत राहिले. कांताने त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, ती त्यांना नको होती, तरी त्यांनी घेतली. भागीरथाबाई त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. या वेळी मध्ये कोणाचं डोकं नव्हतं, सगळं समोर स्वच्छ दिसत होतं.

"खुंट्या आहेत तिथं," महादेवराव म्हणाले.

"म्हणजे कुठं?"

"होता तिथंच." मग भाकरीचा तुकडा मोडत, खाली बघून, "सरकला नव्हता."

रामाजी मान हलवून उठला. त्याने फावडं घेतलं. दोन खुंट्यांना दोरी ताणून बांधायची होती, तेव्हा एक टोक धरायला महादेवराव ताट अर्धवट ठेवून उठले. ऊन उतरेपर्यंत रामाजी माती ओढत होता आणि महादेवराव दोरी धरून उभे होते. ती मध्ये अर्धं बोट वाकली आहे, असं त्यांनी त्याला तीनदा सांगितलं, आणि तीनही वेळा रामाजीने ती सरळ केली.